मेणाचे नाक

नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, असे आपली भाषा मानते. चेहऱ्याचा एखादा भाग गमावलेल्या माणसाचे दुःख या एका वाक्प्रचारात सामावले आहे. आज दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कृत्रिम नाक, कान, डोळा घडविण्याचे शिक्षण देतात. ते हाताने द्यावे की संगणकाने, असा प्रश्न निघाला की आम्हांला पुण्याच्या एका कारागिराची आठवण होते.

कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा मराठा कुणबी. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक दिले. रीत अशी : मेणाचा पातळ पत्रा तुटल्या जागी बसवून त्याला नाकाचा घाट द्यावयाचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून भोवती रेघ ओढावयाची. तेवढी कातडी, दोन डोळ्यांमधला दुवा राखून, सोडवावयाची व वळवून खाली आणावयाची. पाण्यात मऊ केलेला कात कापडाला लावून वर ठेवावयाचा. सुमारे पंचविसाव्या दिवशी दुवा कापावयाचा. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली. ती वाचून कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. छापलेल्या हकीकतीत कावसजीचे नाव आहे, कारागिराचे नाही.

ते नाक जिवंत कातडीचे होते. कृत्रिम अवयव हा काढता-घालता येणारा. पण मेण दोहोंतही आहे. विद्यार्थी चेहऱ्याचा ठसा घेतो, प्लास्टरची प्रतिमा ओततो, तिच्यावर मेण कोरतो आणि साच्यात कातडीच्या रंगाचे सिलिकोन भरतो. संगणकाच्या रीतीत ठशाऐवजी चेहऱ्याचे स्कॅन होते. हळव्या जखमेवर ओला लगदा थापावा लागत नाही. एक कान गेला असेल तर दुसऱ्याची आरशातली प्रतिमा घेऊन नमुना छापता येतो. नाकाला मात्र जोडीदार नाही! तेथे जुने छायाचित्र, घरच्या माणसांची आठवण आणि कोरणारे बोट यांनाच विचारावे लागते. कडा कातडीत मिसळविणे व रंग जुळविणे हेही अजून मुख्यतः डोळ्याचेच काम आहे.

मग संगणक कशाला? सिलिकोनचा रंग काही काळाने उडतो, कडा फाटतात, अवयव पुन्हा करावा लागतो. आकृती जपून ठेवलेली असली की दुसऱ्या हातालाही तो करता येतो. पुण्याच्या कारागिराची विद्या परक्याच्या छापखान्यामुळे दूर पोहोचली, हे आपण विसरू नये.

२०२१ साली काळ्या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे व जबडे गेले; तंबाखूचा कर्करोग तर रोजचाच आहे. भाईंदरहून उपचारासाठी लोकलने मुंबईस जाणारा असा एखादा रुग्ण तोंडावर रुमाल धरून बसतो. तो रुमाल खाली यावा, एवढ्यासाठीच हे शिक्षण. त्यासाठी विद्यार्थ्याने आधी मेण हाती घ्यावे आणि मग, आपले काम आपल्यामागे राहावे म्हणून, संगणकापुढे बसावे, असे आम्हांला वाटते.