हौस कुणाची, कमाई कुणाची?

अमेरिकेतल्या बास्केटबॉलप्रेमींत एक जुना वाद आहे. कॉलेजचा खेळ श्रेष्ठ की व्यावसायिक? आपल्याकडे हौशी आणि व्यावसायिक रंगभूमीवरून जसा वाद रंगतो, तसाच हा. कॉलेजवाल्यांचे म्हणणे असे, की ही पोरे कॉलेजच्या नावासाठी जीव टाकतात. एनबीएमधल्या कोट्यधीशांना बचावाला धावायचाही कंटाळा. एनबीएवाले विचारतात, जगातले सर्वोत्तम साडेचारशे खेळाडू सोडून अर्धेकच्चे काय बघायचे? मी कित्येक वर्षे पहिल्या पक्षात होतो. मार्च महिन्यातली कॉलेजांची बाद फेरीची स्पर्धा, एक सामना हरला की घरी, ही मला एनबीएच्या ८२ सामन्यांच्या लांबलचक हंगामापेक्षा कितीतरी सरस वाटे. या आवडीला इतिहासाचा आधार शोधायला बसलो आणि माझेच पुरावे माझ्यावर उलटले.

डिसेंबर १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले आणि पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे, एवढाच हेतू. पण १९३४ साली नेड आयरिश नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच रात्री कॉलेजांचे दोन-दोन सामने भरवायला सुरुवात केली आणि तिकीटबारीवर हजारोंची झुंबड उडाली. पुढे एनबीए हे नाव घेणारी व्यावसायिक लीग स्थापन झाली ती १९४६मध्ये. म्हणजे कॉलेजच्या खेळाचा धंदा व्यावसायिक लीगहून बारा वर्षांनी थोरला! खेळणाऱ्यांच्या हाती मात्र त्यातले उघडपणे काही पडत नव्हते.

गर्दीमागोमाग बुकी आले. बास्केटबॉलचा सट्टा नुसत्या हारजितीवर नसतो, किती गुणांच्या फरकाने जिंकणार यावर असतो. त्यामुळे खेळाडूला सामना हरावाही लागत नाही. बारा गुणांनी जिंकायचा तो चार गुणांनी जिंकला तरी काम होते. मनाला समजावणेही सोपे, कारण कॉलेज तर जिंकलेच. जानेवारी १९५१मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूने हजार डॉलर्सची लाच नाकारून तक्रार केली आणि सगळे उघड्यावर आले. सात कॉलेजांचे तीसहून अधिक खेळाडू अडकले. मला चटका लावून गेले ते न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज. हे बिनफीचे, कामगारांच्या आणि स्थलांतरितांच्या मुलांचे कॉलेज. १९५० साली त्याने त्या काळच्या दोन्ही मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या, ज्यू आणि कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर. त्या मार्चमध्ये एनबीएत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, हे माझ्या जुन्या पक्षाच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. वर्षभरात त्याच संघातल्या मुलांना अटक झाली. त्यांनी पैसे घेतले हा गुन्हाच. पण त्यांच्या नावावर गार्डन भरत होते आणि तो गल्ला मोजणाऱ्यांना कुणी गुन्हेगार म्हटले नाही.

खेळाच्या दर्जाविषयी बोलायचे तर व्यावसायिकांचे श्रेय नाकारता येत नाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असे हरवले. हा पूर्ण सामन्याचा गुणफलक आहे! आघाडी घेतली की चेंडू आपल्याकडे ठेवून वेळ काढायचा, ही तेव्हाची चाल. यावर उतारा शोधला सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटवर चेंडू मारतात, ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद, भागाकार २४. इतक्या सेकंदांत चेंडू मारलाच पाहिजे, असा नियम १९५४मध्ये आला आणि एका हंगामात संघाची सरासरी ७९ गुणांवरून ९३वर गेली. त्या हंगामाचे विजेतेपद सिरॅक्यूजनेच पटकावले, हेही बरे झाले. कॉलेजांनी असे घड्याळ देशभर लावले ते १९८५च्या हंगामापासून, आणि तेही ४५ सेकंदांचे. मधल्या काळात, १९६७ ते १९७६, त्यांनी उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये ठोकण्याला, म्हणजे डंकला, चक्क बंदी घातली होती. शुद्धतेच्या नावाखाली खेळातली एक सुंदर गोष्ट काढून घेतली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण खरा हिशेब खेळाबाहेरचा. १९५५मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यातल्या दुखापतीने दगावला. कामगाराला मिळते तशी भरपाई त्याच्या पत्नीने मागितली. १९५७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए. तिचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी याच सुमारास ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू नोकर ठरले तर कॉलेजांवर भरपाईची जबाबदारी येईल, या धास्तीतून तो जन्मला, हे बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५च्या पुस्तकात लिहून ठेवले. मी ज्याला आदर्श समजत होतो, तो शब्द वकिली बचावातून आलेला निघाला.

एनबीएही या व्यवस्थेत सामील होती. शाळा संपून चार वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला लीगमध्ये प्रवेश नाही, हा तिचा नियम. कॉलेजांना चार वर्षे फुकट तारा मिळे, एनबीएला फुकटात तयार झालेला खेळाडू. हा नियम मोडला स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीत जन्मलेला, लहानपणी कापूस वेचलेला हा मुलगा १९६८च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आला. डेट्रॉइट विद्यापीठात एक हंगाम खेळून तो प्रतिस्पर्धी एबीए लीगमध्ये गेला आणि १९७०मध्ये एनबीएच्या सिअ‍ॅटल संघाने त्याच्याशी करार केला. लीगने हरकत घेतली. मार्च १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याला खेळू देणारा अंतरिम आदेश कायम केला आणि दार किलकिले झाले.

त्याच दारातून पुढे मॅजिक जॉन्सन आला, कॉलेजची दोनच वर्षे करून. २६ मार्च १९७९ रोजी त्याच्या मिशिगन स्टेटने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला ७५-६४ असे हरवले. कॉलेज बास्केटबॉलच्या कुठल्याही सामन्याला त्या रात्रीइतके टीव्ही रेटिंग आजवर मिळालेले नाही. चौदा महिन्यांच्या आत, १६ मे १९८०ला, जायबंदी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी उभ्या राहिलेल्या वीस वर्षांच्या मॅजिकने ४२ गुण करून लेकर्सना विजेतेपद मिळवून दिले. तो सामना अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत थेट दाखवलाच नाही. रात्री साडेअकरानंतर चित्रफीत लावली. खेळाडू तोच, आणि खेळही आता अधिक पक्व झालेला. पण देशाने पाहिला तो बिनपगारी मॅजिक.

२००९मध्ये एड ओबॅनन या माजी खेळाडूने एनसीएएला कोर्टात खेचले. १९९५ साली विजेत्या ठरलेल्या आपल्याच संघातला आपला चेहरा त्याला व्हिडिओ गेममध्ये दिसला होता आणि त्याचा एक पैसाही त्याला मिळाला नव्हता. २०२१च्या जूनमध्ये, दुसऱ्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला. त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली आणि जुलै २०२५पासून तर कॉलेजे थेट पैसे देऊ लागली.

आता माझ्या जुन्या पक्षातले लोक हळहळतात, की खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलतात, कुणाला कुणाची ओळख राहिली नाही. तक्रार खोटी नाही. मलाही मार्चमध्ये अर्धी नावे नवी वाटतात आणि चार वर्षे एकाच रंगात वाढत जाणारा संघ बघण्यातली गंमत मी खरोखर गमावली आहे. ती गंमत मला जवळजवळ फुकट मिळत होती; तिचे बिल हेवूडसारख्यांच्या नावावर लागत होते. स्पर्धा मी अजून बघतो. सामने आपल्याकडे पहाटे लागतात, गजर लावावा लागतो. एनबीएवाल्यांशी वाद मात्र आता घालत नाही.