कोणता कॅव्हेंडिश?

केंब्रिजची सुप्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळा पृथ्वीचे ‘वजन’ करणाऱ्या हेन्री कॅव्हेंडिशने काढली, असा समज सहज होतो. पण हेन्री वारला १८१० मध्ये आणि प्रयोगशाळा सुरू झाली १८७४ मध्ये! या इंग्रज उमराव घराण्यात तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली, त्यामुळे नुसते आडनावच नव्हे, पूर्ण नाव सांगूनही माणूस ओळखता येत नाही.

घराण्याची थोरली पाती डेव्हनशरच्या ड्यूकांची. ड्यूक ही पदवी १६९४ मध्ये मिळाली आणि पहिले सातही ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश! चौथा १७५६-५७ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता. सहाव्याला बागेचा नाद. त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्सवर्थच्या काचगृहात केळ वाढवली आणि तिला धन्याचे नाव दिले. आपल्या जळगावकडची बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सारी केळी ‘कॅव्हेंडिश’ गटातलीच.

हेन्रीही एक नव्हे. शास्त्रज्ञ हेन्री (१७३१-१८१०) हा दुसऱ्या ड्यूकचा नातू. त्याच काळात दूरच्या शाखेत सर हेन्री कॅव्हेंडिश (१७३२-१८०४) होऊन गेला. हा पार्लमेंटचा सभासद. १७६८ ते १७७४ या काळातील चर्चा त्याने लघुलिपीत टिपून ठेवल्या. त्या छापून येऊ लागल्या १८४१ मध्ये. गंमत अशी, की शास्त्रज्ञ हेन्रीच्या टिपणांच्या नशिबी त्याहूनही लांबचा अज्ञातवास होता.

हायड्रोजनवरचे काम (१७६६) आणि पृथ्वीची घनता (१७९८, त्याचे उत्तर ५.४८, आजचे ५.५१) त्याने प्रसिद्ध केले. विजेवर मात्र दोनच निबंध छापले. बाकी सारे कागदांच्या गठ्ठ्यात राहिले. त्यात काय होते? १७७३ मध्ये त्याने एका गोलाभोवती दोन पोकळ अर्धगोल बसवले, आतला गोल बाहेरच्याला तारेने जोडला आणि बाहेरच्याला विद्युतभार दिला. मग तार काढून, अर्धगोल दूर करून आतला गोल भेंडाच्या गोळ्यांनी तपासला. भार मुळीच आढळला नाही. व्यस्त वर्गाचा नियम खरा असेल तरच असे होते. अंतराचा घातांक २ पासून १/५० पेक्षा अधिक ढळत नाही, असे त्याने गणिताने दाखवले. कूलोमचे काम त्यानंतरचे, १७८५ चे. विद्युतप्रवाह मोजण्याचे उपकरण तेव्हा नव्हतेच, म्हणून मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून येणारे झटके तो स्वतःच्या अंगावर घेऊन एकमेकांशी ताडून पाही. या मार्गाने १७८१ मध्ये तो ओहमच्या नियमाशी येऊन पोचला होता. ओहमचा ग्रंथ आला १८२७ मध्ये. हे कागद वेळीच छापले असते तर ही दोन्ही नावे आपण पाठ्यपुस्तकात वाचली असती का, याची शंकाच आहे.

गठ्ठे वारशाने सातव्या ड्यूककडे आले. हा विल्यम (१८०८-१८९१) केवळ धनिक नव्हता. १८२९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला होता आणि १८६१ पासून विद्यापीठाचा कुलपती होता. भौतिकीच्या प्रयोगशाळेसाठी त्याने ६,३०० पौंड दिले आणि हेन्रीचे कागद तिथल्या पहिल्या प्राध्यापकाच्या, जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या, हाती सोपवले. प्रयोगशाळेला मिळालेल्या कुळाच्या नावात पैसा देणारा विल्यम आणि कीर्ती देणारा हेन्री, असे दोघेही आले.

मॅक्सवेलने आयुष्याची शेवटची वर्षे या कागदांत घालवली. ग्रंथ १८७९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी मॅक्सवेल गेला. ही वर्षे त्याने स्वतःच्या संशोधनाला द्यायला हवी होती, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याने नुसते संपादन केले नाही, तर गोलाचा प्रयोग नव्याने करवला आणि घातांकाची मर्यादा १/५० वरून १/२१,६०० पर्यंत आणली. झटक्यांची रीतही त्याने पडताळून पाहिली. त्यासाठी प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांनाही झटके घ्यावे लागत.