पाहण्याचा टीव्ही आणि खेळण्याचा टीव्ही

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या मुकुंदवाडीच्या घरातील जुना टीव्ही बंद पडला आणि नवा घेण्याचा प्रसंग आला. प्रसंग साधा होता. परंतु त्यातून घरात दोन पक्ष झाले. आमच्या मातुःश्रींचे म्हणणे असे की, टीव्ही ही पाहावयाची वस्तू आहे. चित्र स्वच्छ व आवाज स्पष्ट असला म्हणजे झाले. महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या कन्येचे म्हणणे असे की, घरात टीव्ही एकच असणार, तेव्हा तो तिच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रास साजेसा असलाच पाहिजे. ‘टीव्ही तो टीव्ही, त्यात खेळाचा निराळा आणि मालिकांचा निराळा असे काय असते?’ असा निर्णय आम्ही घाईने देऊन टाकला. तो चुकीचा होता. तो कसा चुकला हे शोधू लागलो तेव्हा हाती जो इतिहास लागला, तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

टीव्हीशी खेळाचा संबंध अलीकडचा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो फार जुना आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने, पाहुण्यांचे मन रमावे म्हणून, ऑसिलोस्कोप नामक उपकरणाच्या लहानशा गोल पडद्यावर टेनिसचा एक खेळ मांडला. तो प्रयोगशाळेतच राहिला. पुढे १९६६ साली राल्फ बेअर या अभियंत्याच्या मनात आले की, लक्षावधी घरांत हे संच पडून आहेत. त्यांवर दुसऱ्याने पाठविलेले चित्र पाहण्याखेरीज आणखी काही करता येणार नाही काय? या विचारातून १९७२ साली मॅग्नावॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे घरगुती खेळाचे पहिले यंत्र बाजारात आले. त्यास आवाज नव्हता की रंग नव्हता. मैदानाचे चित्र छापलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवावा आणि त्यामागून हलणाऱ्या ठिपक्यांशी खेळावे, अशी ती योजना होती. हे कागद दोन आकारांचे दिलेले असत; कारण सर्वांच्या घरचा पडदा सारखा नव्हता. शिवाय, हे यंत्र त्याच कंपनीच्या टीव्हीवर चालते असा ग्राहकांत मोठा गैरसमज पसरला व विक्रीस त्याचा फटका बसला. म्हणजे, ‘आमच्या टीव्हीवर हा खेळ नीट चालेल ना?’ ही कन्येची शंका घरगुती खेळाच्या जन्माइतकीच जुनी आहे!

त्याच १९७२ साली, २ ऑक्टोबरला, मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिकडे टीव्हीसमोर बसलेला मनुष्य हाताने काही करू लागला, तेव्हा इकडे आपण पाहण्याचा ओनामा गिरवीत होतो. पुढे १९८२ साली रंग आला आणि १९८७ च्या सुमारास रामायणाच्या वेळी गल्ल्या ओस पडू लागल्या. टीव्ही म्हणजे शेजाऱ्यांसह मांडी घालून बघण्याची वस्तू, ही आमच्या पिढीची कल्पना तेथे घडली. मातुःश्रींचा पक्ष हा त्या काळाचा पक्ष आहे. त्यास अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

आता जुन्या संचाच्या अंतरंगाकडे वळू. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन याने सिद्ध केलेली नळी हाच त्याचा आत्मा होता. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे व काचेच्या आतील लेपावर ओळीमागून ओळ आखीत वरून खाली येई. तारेतून संदेश आला की त्याच क्षणी झोत त्याप्रमाणे कमीअधिक होई. चित्र साठवून ठेवणे, त्यावर विचार करणे, मग दाखविणे, असला प्रकारच तेथे नव्हता. या तत्परतेवर सबंध खेळ उभे राहिले. १९८४ सालच्या निन्टेन्डोच्या ‘डक हंट’ या बदकांच्या शिकारीच्या खेळात मूल टीव्हीवर बंदूक रोखी. वाचकांस वाटेल, बंदुकीतून काही किरण निघत असावा. प्रकार नेमका उलट होता! घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होई, पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राही डोळा तो उजेड टिपी. सेकंदाच्या अल्पांशाचे हे गणित नळीच्या शीघ्रतेवर बसविलेले होते. म्हणून तीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीपुढे आंधळी होते. उजेड उशिरा येतो, तोवर बंदुकीने पाहण्याची वेळ टळून गेलेली असते.

देशपरत्वे आणखी एक भेद होता. जपान व अमेरिकेच्या पद्धतीत पडदा सेकंदास ६० वेळा आखला जाई, आपल्या पद्धतीत ५० वेळा. ६० च्या हिशोबाने रचलेला खेळ नीट न बदलता ५० च्या देशात आणला की तो सहाव्या हिश्श्याने मंदावे. पडदा हा खेळाचा नुसता आरसा नसून त्याचा ताल धरणाराही आहे, हे यावरून दिसते.

हा इतिहास आमच्या नगरास परका नाही. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. १९८० नंतरच्या दशकात धूत घराण्याच्या व्हिडिओकॉन कंपनीने तोशिबा या जपानी कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने रंगीत टीव्ही काढले, आणि पैठण रस्त्यावरील चितेगावच्या कारखान्याने या भागातील कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली. २००५ साली या कंपनीने थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा, पोलंड, इटली, मेक्सिको व चीन येथील कारखान्यांसह, विकत घेतला. मराठवाड्यात वाढलेल्या उद्योगाने युरोपातील कारखाने घ्यावेत, याचा तेव्हा अभिमान वाटला. परंतु सपाट पडद्याचे युग दाराशी येऊन ठेपले होते. थोड्याच वर्षांत नळीचे नावही कोणी घेईना. पुढे इतर धंद्यांतील कर्जाचा भारही वाढत गेला आणि जून २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झाले. आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचे उमेदीचे आयुष्य तेथे संच जुळविण्यात व तपासण्यात गेले. नोकरी गेल्यावर त्यांनी कोणास बोल लावला नाही. मात्र टीव्हीच्या दुकानासमोरून जाताना ते आजही थबकतात.

खरेदीस निघताना त्यांनाच बरोबर घेतले. कन्येने खेळाचे यंत्र पिशवीत घातले होते. दुकानदाराने प्रथम ते जोडू देण्यास नाखुशी दाखविली. पण काकांनी मागच्या बाजूच्या जोडण्यांविषयी दोन प्रश्न विचारताच तो नरमला. दुकानातील सर्वांत झगझगीत संचावर कन्येने खेळ लावला. खेळातील गड्याने एक खंदक ओलांडावयाचा होता. तिने कळ दाबली आणि गडी खंदकात पडला. पुन्हा दाबली, पुन्हा पडला. कोपऱ्यातील साध्या संचावर तोच गडी पहिल्या प्रयत्नात पलीकडे गेला. आम्ही चकित झालो. काका म्हणाले, “सर, हा मोठा टीव्ही चित्राला नटवत बसतो हो. आमच्या नळीला नटायला वेळच नव्हता.”

याहून नेमके स्पष्टीकरण आम्हांस पुढे कोठेही मिळाले नाही. आजचा संच आलेले चित्र आधी साठवितो; त्याचे रंग खुलवितो, कडा रेखतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतः रचलेले तिसरे घालून हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवितो. या संस्कारांत कधी सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा अधिकही जातो. मालिका पाहणारास त्याचा पत्ता लागत नाही, कारण तेथे सगळेच सारखे उशिरा येते. खेळणाराचे बोट मात्र आत्ता हलते आणि चित्र मागाहून. सेकंदास ६० चित्रे असता दहाव्या हिश्श्यात सहा चित्रे निघून जातात. यावर उपाय म्हणून बहुतेक संचांत ‘गेम मोड’ ही सोय असते. ती चालू केली की हे नटणे बहुतांशी बंद होते. झगझगीत संचात ती बंद होती. चालू करताच तेथेही गडी खंदकापलीकडे गेला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

पारख करू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी दोन-चार गोष्टी सांगतो. जाहिरातीतील ‘रिस्पॉन्स टाइम’ हा पडद्यावरील कणाचा रंग बदलण्याचा वेळ होय. कळ दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा विलंब तो नव्हे. मोठमोठे ‘मोशन’ आकडे छापलेले असतात. त्यांस न भुलता पडदा खरोखर सेकंदास ६० वेळा बदलतो की १२० वेळा, एवढेच विचारावे. प्लेस्टेशन ५ सारख्या २०२० नंतरच्या यंत्रांतून ‘फोर के’ चित्र सेकंदास १२० वेळा हवे असेल, तर एचडीएमआय २.१ ची तशी सोय असलेले छिद्र लागते, आणि पुष्कळ संचांत ते एक-दोनच असते. ओएलईडी पडद्याचा कण स्वतः उजळतो व तत्काळ बदलतो. पण गुणफलकासारखे स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिल्यास त्याचा डाग कायम उमटण्याचा धोका असतो. खोली लहान असेल तर पडद्याची भव्यता डोळ्यांस जाचते. आणि शक्य तेथे आपले यंत्र नेऊन प्रत्यक्ष खेळून पाहावे. डोळा फसतो, बोट सहसा फसत नाही.

आम्ही कोपऱ्यातील मध्यम आकाराचा संच घेतला. त्याचे चित्र तेजात थोडे उणे होते. मातुःश्रींस ते चालले, कारण आवाज स्पष्ट होता. वस्तू चांगली की वाईट हे तिच्यापुढे बसणारा काय करणार यावर ठरते, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले असेल. समजले मात्र त्या खंदकापाशी.

संच घरी आल्यावर तो जोडून देण्यास काका आले. सर्व झाल्यावर कन्येने खेळाचे साधन त्यांच्या हाती दिले. “आजोबा, तुम्हीच आधी तपासा,” ती म्हणाली. त्यांनी चष्मा पुसला, कळ दाबली आणि गडी पलीकडे गेला. ते काही बोलले नाहीत. संचाच्या कडेवरून एकवार हात फिरविला व पुन्हा कळ दाबली.