नखांवरचा रंग आणि वाळण्याचा अवधी

यंदाच्या स्मरणिकेत पाककृतींबरोबर इतिहासावरही काही असावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला आणि ते काम माझ्याकडे आले. आपल्या सोलापुरात इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, १९३० सालचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे डोळ्यांपुढे येतात. त्यांवर अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. मी आपला बोटाच्या टोकाएवढा इतिहास घेतला आहे. नखांना रंग लावायचा आणि तो वाळेपर्यंत थांबायचे, ही ती गोष्ट. विषय हलका वाटेल. पण भगिनींनो, त्यात आमच्या घरचा एक प्रसंग गुंतलेला आहे. तो पुढे येईलच.

बोटे रंगविण्याची हौस आजची नाही. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतला सासरी निघते तेव्हा वनातली झाडे तिच्यासाठी रेशमी वस्त्र देतात आणि पाय रंगवायला लाक्षारसही देतात. हा लाक्षारस म्हणजे लाखेचा तांबडा रंग. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यापासून तो मिळतो. रंग धुऊन काढला की मागे राळ उरते, तिच्या बांगड्या होतात. गंमत अशी की, चकचकीत लेपाला इंग्रजीत जो ‘लॅकर’ शब्द आहे, तो याच लाखेवरून फिरत फिरत तिकडे पोहोचला. तेव्हा विलायती बाटलीवर जो शब्द छापलेला असतो, त्याचे माहेर आपल्याकडलेच आहे!

दुसरी आपली जुनी सखी म्हणजे मेंदी. आपल्या गावाच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची घरे आहेत. त्या घरांतून आषाढात पोरीबाळींच्या हातांवर ‘गोरिंटाकु’ चढते. ओला पाला पाट्यावर बारीक वाटायचा, तळहाताच्या मधोमध एक गोल टिकली द्यायची आणि प्रत्येक बोटाला टोपीसारखा गोळा बसवायचा. सकाळी हात धुतले की नखे शेंदरी. हातावरचा रंग आठ-पंधरा दिवसांत फिका पडतो, नखावरचा मात्र जात नाही. मेंदीतले रंगद्रव्य नखाच्या अंगातच मुरते. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. तेव्हा रंग नखाबरोबर पुढे सरकतो आणि शेवटी कापला जातो.

आता एक लक्षात घ्या. मेंदी लवकर वाळू नये म्हणून आपण धडपडतो. वरून लिंबू-साखरेचे पाणी लावतो. कारण लेप ओला आहे तोवरच रंग आत शिरतो. मेंदीला वेळ द्यावा लागतो आणि तो द्यायचा हे सर्वांना मान्य असते. मेंदी लावलेल्या मुलीला कोणी पाणी आणायला सांगत नाही. आई तिला घास भरविते, बहीण तिच्या कपाळावरची बट मागे सारते. नेलपॉलिशची तऱ्हा नेमकी उलटी. ते जितके लवकर वाळेल तितके बरे, कारण ते लावणाऱ्या बाईला घरात कोणी थांबू देत नाही.

हे नेलपॉलिश आले कोठून? त्याची कथा एका स्वयंपाकघरातून सुरू होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावी शोनबाइन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८४५-४६ च्या सुमारास एकदा त्यांच्या हातून तेजाब सांडले आणि त्यांनी ते बायकोच्या सुती एप्रनने पुसून एप्रन शेगडीवर वाळत घातला, असे सांगतात. एप्रन वाळला आणि क्षणात भप्पकन जळून नाहीसा झाला! कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या तेजाबाची क्रिया झाली की एक अतिज्वालाग्राही पदार्थ बनतो, असे ध्यानात आले. त्याला नायट्रोसेल्युलोज म्हणतात. बंदुकीच्या दारूसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. पुढे अमेरिकेत हायट या गृहस्थांनी त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले; हे १८७० च्या सुमारास. त्याच्या फण्या झाल्या, बांगड्या झाल्या, बाहुल्या झाल्या. पुढे सिनेमाची फिल्मही त्याचीच झाली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फिल्मवर उतरला होता. ही फिल्म किती पेट घेणारी, याचा कटू अनुभव पुण्याने २००३ साली घेतला. त्या साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्यातल्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या आणि आपल्या चित्रपटांच्या बाल्यावस्थेचा मोठा ठेवा राख झाला.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांपुढे या मालाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वेळी मोटारींच्या कारखान्यांची एक निराळीच अडचण होती. मोटारीला तेलाचा रंग दिला की तो वाळायला आठवडे लागत. गाड्या वाळवायच्या म्हणून नुसत्या उभ्या राहत. १९२३ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्युको’ नावाचा रंग आणला. तो काही तासांत वाळे! आपल्याकडे सुतार आणि मोटार रंगविणारे अजून ‘ड्युको मारून देतो’ म्हणतात, तो हाच शब्द. म्हणजे लवकर वाळणाऱ्या रंगाचा शोध लागला तो मोटारींसाठी. बायकांच्या नखांवर त्याची कृपा नंतर झाली.

त्यापूर्वी पाश्चात्त्य स्त्रिया नखांना भुकटी लावून मऊ कातड्याने घासत. ‘पॉलिश’ हा शब्द त्या घासण्यातून आला आहे. १९१७ च्या सुमारास अमेरिकेत ‘क्यूटेक्स’चे पातळ पॉलिश बाजारात आले. १९३२ साली चार्ल्स रेव्हसन, त्यांचे बंधू जोसेफ आणि रसायनतज्ज्ञ लॅकमन या तिघांनी ‘रेव्हलॉन’ काढली आणि दाट, अपारदर्शक रंगांची चाल पडली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५२ साली टाटांच्या घराण्यातून ‘लॅक्मे’ निघाली. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेचे. पॅरिसला १८८३ साली रंगभूमीवर आलेल्या त्या संगीतिकेची नायिका हिंदू मुलगी आहे, आणि ‘लॅक्मे’ हे आपल्या ‘लक्ष्मी’चेच फ्रेंच रूप. सिमोन टाटा यांनी १९६१ पासून या कंपनीचे काम पाहिले आणि तिला घराघरांत नेले. पुढे १९९० नंतरच्या दशकात ती हिंदुस्थान लिव्हरकडे गेली.

म्हणजे बाटलीत काय आहे ते पाहा. तेजाबाचा संस्कार झालेला कापूस, थोडी राळ, बहुधा थोडा कापूर, रंग, आणि हे सारे विरघळवून ठेवणारी उडून जाणारी द्रव्ये. सोलापूर हे कापसाच्या सुताचे गाव. १८७७ साली येथे जुनी गिरणी सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर आमच्या आई-आज्यांच्या चुली पेटत. ते भोंगे आता थांबले आहेत. पण ज्या कापसाची सूतकताई आपल्या घरच्या माणसांनी केली, त्याच कापसाचा पातळ पापुद्रा आपल्या नखावर चकाकतो, हे मला समजले तेव्हा मौज वाटली आणि थोडे दचकायलाही झाले. दचकण्याचे कारण आता सांगते.

माझ्या लग्नाला वर्ष झाले नव्हते. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, जानेवारीतली थंडी. अक्षता सोहळ्याला घरातल्या साऱ्या बायका जाणार होत्या. थोरल्या जाऊबाईंनी माहेराहून आलेली लाल नेलपॉलिशची बाटली पहाटेच काढली. पाच माणसांचे आवरायचे, भाकऱ्या थापायच्या, मुलांची वेणीफणी करायची. त्यातून चोरलेली ती पाच मिनिटे! थंडीने रंग काही वाळेना. जाऊबाईंनी बाटली ओट्यावर उघडीच ठेवली आणि दोन्ही हात स्टोच्या वर धरले. बाटलीतून उठणारी वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ज्योत तिला शोधून काढते. एकदम भडका झाला, बाटली कलंडली आणि ओट्यावरचे फडके पेटले. सासूबाईंनी कोपऱ्यातले ओले पोते झटकन टाकले म्हणून निभावले. जाऊबाईंच्या उजव्या हाताला फोड आले, भुवया करपल्या. दैव बलवत्तर म्हणून तेवढ्यावर गेले.

मला वाटले, आता जाऊबाईंची धडगत नाही. सासूबाई करड्या शिस्तीच्या. नखे रंगवून पिठात हात घातलेला त्यांना खपत नसे. पण त्या काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंच्या हातावर गार पाणी धरले, त्यांना पाटावर बसविले आणि म्हणाल्या, “हात आवर आता. भाकऱ्या मी थापते. तू नुसती बस.” मग थोड्या वेळाने, तव्यावरून नजर न काढता, “मला सांगायचं होतंस गं. घटकाभर बसायला मिळालं असतं, तर त्या स्टोपाशी कशाला गेली असतीस?”

तेव्हापासून मला वाटत आले आहे की, नखावरचा रंग वाळत नाही हा रंगाचा दोष थोडा आणि आपल्या दिवसाचा दोष अधिक. सोलापुरात हजारो स्त्रियांनी विड्या वळून संसार उभे केले. २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत झाली, ती त्यांच्या बोटांच्या कष्टाची आणि एकजुटीची पावती होय. त्या बोटांना अर्धा तास नुसते पसरून ठेवण्याची चैन कधी मिळत असेल? जिचे हात रिकामे राहू शकतात तिचाच रंग नीट वाळतो.

तरीही घाईचे प्रसंग येणारच. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते. पहिली, थर पातळ द्यावा. जाड थराचा वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आतले द्रव्य अडकून बसते. मग तासाभराने पदराची घडी नखावर उमटते. दोन पातळ थर, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती, हे एका जाड थरापेक्षा केव्हाही लवकर होते. दुसरी, पंख्याखाली बसावे. रंग वाळतो म्हणजे त्यातले द्रव्य हवेत उडून जाते, आणि वाहती हवा ते काम करते; उष्णता लागतेच असे नाही. आपल्या वैशाखातल्या उन्हात तर ते इतक्या झपाट्याने उडते की नखावर बुडबुडे येतात, म्हणून उन्हाळ्यात सावलीत बसावे. पावसाळी दमट हवेत कधी रंगावर पांढुरकी छटा येते. तीही हवेतल्या ओलीची करामत. तिसरी, गार पाणी. पाच-सात मिनिटांनी बोटे गार पाण्यात बुडविली की रंग घट्ट होतो आणि सहजी पुसला जात नाही. पण तो आतून वाळला असे समजू नये. वरून खोबरेल तेलाचा थेंब सोडला तर धक्का लागला तरी बोट निसटते, एवढाच त्याचा गुण. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, गॅस, शेगडी, समई, निरांजन यांच्या जवळ बाटली उघडू नये. रंग पुसण्याचे द्रव्यही तितकेच पेट घेणारे असते. मुलीबाळींना हे जरूर सांगावे.

आणि पाचवी गोष्ट आपणा सर्वांसाठी. हळदीकुंकवाच्या दिवशी घरात कोणी सून, लेक वा जाऊ नखे रंगवून बसली असेल, तर तेवढा वेळ तिच्या वाटची भाकरी आपण थापावी. मेंदीला आपण जो मान देतो, तो या बाटलीतल्या रंगालाही द्यायला काय हरकत आहे? आमच्या जाऊबाई आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. हातावरचा तो डाग अजून दिसतो. गेल्या संक्रांतीला त्यांच्या नातीने त्यांच्या नखांना फिका गुलाबी रंग लावला आणि बजावले, “आजी, दहा मिनिटं हलायचं नाही.” जाऊबाई हात पसरून खिडकीपाशी बसल्या. चहा मी केला.

आपल्या मंडळानेही इतकी वर्षे दुसरे काय केले? घरच्या धबडग्यातून आपल्याला घटकाभर बसायला जागा दिली. ती जागा अशीच राहो आणि पुढच्या पिढीच्या हातांनाही विसावा मिळो, हीच सिद्धेश्वरांच्या चरणी प्रार्थना.