दिनविशेष : ७ नोव्हेंबर

१९७३ : अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून अमेरिकी काँग्रेसने युद्धाधिकार ठराव मंजूर केला. प्रतिनिधिगृहात २८४ विरुद्ध १३५, सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८ मते पडली. परदेशात सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवावे, संमती न मिळाल्यास ६० दिवसांत कारवाई थांबवावी, असे बंधन अध्यक्षांवर आले.

ते पाळण्यापेक्षा त्यातून पळवाटा काढणेच जास्त झाले. २०११मध्ये लिबियावरील हल्ले ६० दिवसांपलीकडे गेले. जमिनीवर आपले सैनिक नाहीत, तेव्हा या कायद्याची ६० दिवसांची मर्यादा लागू होत नाही, असा ओबामा सरकारचा युक्तिवाद होता; रिपब्लिकनांनी जाब विचारला. २०२०मध्ये इराणविरुद्धच्या लष्करी कारवाईवरून डेमोक्रॅटांनी ट्रम्प यांना घेरले. अध्यक्ष आपल्या पक्षाचा असला, की या कायद्याची आठवण बहुतेकांना होत नाही.