कंपनीवाचून गाणं

हार्डकोअर पंक म्हटलं तर आमच्या सारोळ्यात लोक विचारतील, हे कुठलं खत? गाणंय बाबांनो. 1980 साली वॉशिंग्टनमधल्या पोरांनी ‘डिस्कॉर्ड’ नावाची स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली. पहिल्या रेकॉर्डची पाकिटं त्यांनी हातानं कापली, डिंकानं चिकटवली. गाणी मिनिट-दोन मिनिटांची, नरड्याच्या शिरा ताणून म्हटलेली. ज्यांनी स्टेन्सिल कापून हात काळे केलेत त्यांना यातली गंमत सांगायला नको.

पण कंपनीवाचून गाणं आमच्याकडं त्याच्याआधी पन्नास वर्षं उभं होतं. नाशिककडचे भीमराव कर्डक 1930च्या दशकात जलसा घेऊन वस्त्यावस्त्यांतून हिंडले. साचा तमाशाचाच. ढोलकी तीच, पण गणातला देव उठवला, नाचणारी बाई काढली आणि तिथं पाणवठा, सावकार, मंदिराचं दार आणून उभं केलं. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक निघालं. रेकॉर्ड म्हणजे माणसाचं तोंड. एकानं म्हणायचं, दहांनी गावाकडं न्यायचं.

वॉशिंग्टनच्या पोरांना बाजारानं विचारलं नाही, एवढंच. आमच्या गाण्याचा हिशेब वेगळा. 11 जुलै 1997ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं मेली. मुलुंडच्या झोपडपट्टीतले शाहीर विलास घोगरे, ‘आवाहन’चे, डाव्या चळवळीत वाढलेले. त्यांनी 15 जुलैला डोक्याला निळं फडकं बांधून गळफास घेतला. लाल की निळं, हा वाद घालणाऱ्या विद्वानांनी या फडक्याचं काय केलं?

पुण्याचा कबीर कला मंच 2002च्या गुजरात दंगलीनंतरचा. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप आला. 2 एप्रिल 2013ला शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला, माळींना थेट जानेवारी 2017ला.

डिस्कॉर्डच्या रेकॉर्डी अजून विकत मिळतात. घोगरेंचा आवाज मी ऐकला तो आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (1985) आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) या फिल्मांतून. भोरपासून शिरवळपर्यंत कुणाच्या माळ्यावर जलशाची वही, जुनी कॅसेट पडली असेल तर वाळवी लागायच्या आत कळवा. मी येतो उतरून घ्यायला.