खाल्लेले अंगी का लागत नाही?

श्रोतेहो, "मूल खातं चांगलं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही," ही तक्रार आपण घरोघरी ऐकतो. मग कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं आईचंच लक्ष नाही. बिचारी आई मीठमोहऱ्या ओवाळून टाकते आणि वर बोलही खाते. पण 'अंगी लागणे' हा आपला शब्दप्रयोग मोठा मार्मिक आहे बरं का! खाणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे, हे त्यात आधीच सांगून ठेवलेले आहे. या दोहोंच्या मध्ये पोटात काय घडते ते माणसाला कसे उमगले, त्याची ही हकीकत.

क्लोद बेर्नार हा फ्रान्समधील एका द्राक्षमळेवाल्याचा मुलगा. जन्म १८१३ चा. तरुणपणी तो लिआँ शहरात एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करी. डोक्यात मात्र नाटके! स्वतः लिहिलेले नाटक घेऊन तो पॅरिसला गेला. तेथील एका नामवंत टीकाकाराने ते वाचून त्याला वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. बेर्नारने तो मानला आणि पुढे मॅजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रयोग करू लागला.

१८४६ च्या सुमाराची गोष्ट. ती बेर्नारनेच पुढे १८६५ च्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. बाजारातून आणलेले ससे टेबलावर ठेवले होते. त्यांनी तेथेच मूत्र केले. सशाचे मूत्र एरवी गढूळ असते. हे मात्र स्वच्छ आणि आम्लधर्मी होते, मांसाहारी प्राण्याच्या मूत्रासारखे. दुसऱ्या कुणी टेबल पुसून टाकले असते. बेर्नार विचारात पडला. हे ससे उपाशी असतील काय? उपाशी प्राणी स्वतःच्याच मांसावर जगतो, म्हणून तर असे होत नसेल? त्याने त्यांना गवत घातले, मूत्र गढूळ झाले. उपाशी ठेवले, पुन्हा स्वच्छ झाले. मग पुरती खात्री करण्यासाठी त्याने सशांना शिजवलेले मांस खाऊ घातले आणि नंतर त्यांचे पोट उघडून पाहिले.

आता इथे खरी गंमत आहे. स्निग्ध अन्न पचू लागले, की आतड्याभोवतीच्या बारीक रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. आसेल्ली या इटालियन वैद्याला त्या १६२२ मध्येच कुत्र्यात दिसल्या होत्या. परंतु या सशांत त्या आतड्याच्या आरंभी पांढऱ्या नव्हत्या. तेथून सुमारे ३० सेंटिमीटर खाली गेल्यावर पांढऱ्या होऊ लागल्या होत्या. का बरं? तर सशामध्ये पित्ताची नळी वर उघडते आणि स्वादुपिंडाची नळी बरीच खाली. जिथे स्वादुपिंडाचा रस आतड्यात पडतो, तिथूनच स्निग्ध पदार्थ शरीरात शिरू लागत होता!

बेर्नारने तो रस काढून तेलात आणि लोण्यात मिसळून पाहिला. तेल दुधाळ झाले, आणि पुढे त्यातून आम्ल सुटू लागले. म्हणजे स्निग्धाचे नुसते बारीक थेंब होत नव्हते, त्याची फोडही होत होती. १८४८ मध्ये त्याने हे जाहीर केले. ज्या द्रव्यामुळे ही फोड होते त्याला आज आपण लायपेज म्हणतो. अशा पाचक द्रव्यांना विकरे असे नाव आहे.

बेर्नारने पित्ताला मात्र जरा कमी लेखले. त्याचाच शिष्य दास्त्र याने पुढे कुत्र्यावर उलटा प्रयोग केला: पित्त खालच्या आतड्यात सोडले. तेव्हा वाहिन्या पित्ताच्या खालीच पांढऱ्या झाल्या. तेव्हा दोघेही हवेत. तुपकट भांड्याला साबण लावल्यावर तूप सुटते, तसे पित्त स्निग्धाचे थेंब सुटे करते. लायपेज ते कातरते.

हे झाले तेलातुपाचे. पण तेलातुपाबरोबर आणखी काही शरीरात जाते, हे १९१३ मध्ये उघड झाले. अमेरिकेत मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी पाहिले, की डुकराच्या चरबीवर किंवा ऑलिव्हच्या तेलावर ठेवलेल्या उंदरांची वाढ थांबते, आणि लोण्यातील किंवा अंड्यातील स्निग्धांश दिला की पुन्हा सुरू होते. त्या स्निग्धांशात होते 'अ' जीवनसत्त्व. ते कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो आणि शेवटी डोळाही जाऊ शकतो.

या दोन शोधांची गाठ पडली ती मुलांच्या मृत्यूपाशी. न्यूयॉर्कच्या एका बालरुग्णालयात डॉ. डॉरथी अँडरसन मृत बालकांची तपासणी करीत. पोटाच्या दुसऱ्याच एका विकाराने गेले असे मानलेल्या एका मुलाचे स्वादुपिंड त्यांना निबर आणि पुटकुळ्यांनी भरलेले आढळले. त्यांनी जुनी टिपणे धुंडाळली, तशीच आणखी मुले सापडली. त्यांतील अनेकांत 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाच्या खुणा होत्या. १९३८ मध्ये त्यांनी हा स्वतंत्र रोग असल्याचे दाखवून दिले. प्रथम त्यांना वाटले, जीवनसत्त्वाचा अभाव हेच रोगाचे कारण असावे. खरे कारण निघाले आनुवंशिक. ते बीज १९८९ मध्ये सापडले. अभाव हा परिणाम होता. लोण्याअंड्यातील 'अ' जीवनसत्त्व बहुतांशी मेदाम्लाला बांधलेले असते. ती गाठ स्वादुपिंडाची आणि आतड्याच्या अस्तरातली विकरे सोडवतात. विकरेच नाहीत, तर लोणी खाऊनही काय उपयोग? आता अशा मुलांना डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली विकरे जेवणाबरोबर देतात आणि जीवनसत्त्वे वेगळी देतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात बाटलीत पाणी आणि थोडे गोडेतेल घालून हलवून दाखवा. तेल पुन्हा वर येईल. मग साबण घालून हलवा. पित्ताचे काम मुलांना चटकन कळेल. पालेभाजीला तेलाची फोडणी का हवी, तेही त्यातूनच सांगता येईल, कारण भाजीतला जीवनसत्त्वाचा कच्चा माल तेलाच्या सोबतीनेच आत शिरतो.

आणि आईबापांना एवढेच सांगणे: मूल भरपूर खाऊनही वाढत नसेल, शौच तेलकट आणि फार दुर्गंधी होत असेल, दिवेलागणीला ते चाचपडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मीठमोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा. पण वेळ दवडू नका, आणि त्या माउलीला बोल लावू नका.